दोन मार्क कमी

रुचिका वर्गात बोलत नसे.

दहावीचा वर्ग चालवणाऱ्या संस्थेने मला एक छापील तक्ता दिला होता. त्यात 'वर्गातील सहभाग' असा रकाना होता आणि दर आठवड्याला प्रत्येकीच्या नावापुढे एक ते पाच यांपैकी आकडा भरायचा असे. रुचिकाच्या नावापुढे मी पाच महिने 'एक' लिहीत आलो. तिच्या सासूच्या, सगुणाबाईंच्या नावापुढे 'पाच'. दोघी एकाच बाकावर बसत. दोन्ही आकडे मी विचार न करता भरत होतो, हे कळायला मला जानेवारी उजाडावा लागला.

मढच्या जेट्टीजवळ मच्छीमार सोसायटीचा हॉल आहे. एका भिंतीला जाळ्यांचे ढीग, दुसऱ्या भिंतीला फळा. अर्धवट शाळा सुटलेल्या बायकांसाठी तिथे दुपारी तीन ते पाच दहावीचा वर्ग भरायचा. दुपारी, कारण तोवर बाजार आटोपून, भांडी घासून बायका मोकळ्या होत. मी अंधेरीच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालो त्याला अकरा वर्षं झाली. वर्सोव्याहून फेरीबोटीने पाच मिनिटांत पलीकडे जायचं, शिकवायचं आणि उजेड असताना परत यायचं. घरी पुस्तकांखेरीज कोणी वाट बघणारं नव्हतं. आपलं शिकवणं कोणाच्या उपयोगी पडतंय का, हा प्रश्न मला नोकरीतही पडे आणि बोटीतही पडत असे.

सगुणाबाई शिकायला आल्याच नव्हत्या. पहिल्या दिवशी सुनेच्या मागोमाग आत आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, मी नुसती बसन. राखन म्हनून. नवी सून, एकटी पाठवली तं गावाला चघळायला इषय व्हतंय." आठवडाभर त्या खरोखर नुसत्या बसल्या. नवव्या दिवशी त्यांनी सुनेच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. सातवीत शाळा सोडून डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली ही बाई पंचावन्नाव्या वर्षी अपूर्णांकांच्या इतकी मागे लागली, की मला माझ्या अकरा वर्षांच्या रिकामपणाची लाज वाटली.

त्यांचा आवाज जेट्टीपर्यंत जाई.

"वजा तीन गुणिले वजा चार, किती?" मी विचारी.

"वजा बारा!" प्रश्न संपायच्या आत सगुणाबाई.

"का बरं?"

"अवो, दोनीकडं वजा. दोन वाईट मानसं एकत्र आली तं चांगलं व्हतंय काय कवा?"

मागच्या बाकावरून त्यांची मैत्रीण वनमाला ओरडे, "तुज्या नि तुज्या नवऱ्याचं झालंच की गो!"

सगळा हॉल हसे. मीही हसे; नियम मग पुन्हा सांगे, पण सगुणाबाईंना तो पटत नसे. रुचिका खाली मान घालून हसे आणि वहीत लिही. मी तिला विचारलं, "रुचिका, तुम्ही सांगा," की ती उभी राही, एकदा सासूकडे बघे आणि म्हणे, "आई म्हणतात तेच, सर."

मला वाटे, हिला येत नाही.

खरं तर मला कळायला हवं होतं. मी स्वतः तीस वर्षं स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांच्या वेळापत्रकातल्या चुका बघून गप्प बसलो होतो. पण स्वतःचं गप्प बसणं माणसाला शहाणपण वाटतं आणि दुसऱ्याचं अडाणीपण.

रुचिकाला दहावी हवी होती, आणि याच वर्षी हवी होती. ती मुलुंडची. तिचे आजोबा कोकणातून गिरणीत आलेले, वडील रिक्षा चालवतात. नववीनंतर शाळा सुटली. होडीवर जाणाऱ्या अल्पेशशी तिने आपल्या मनाने लग्न केलं आणि मढला आली. मासळीबाजारात ती टिकली नाही. गिऱ्हाईकाने अर्धा भाव सांगितला की ती वाद न घालता देऊन टाकी. चौथ्या दिवशी सगुणाबाईंनीच तिला बाजारातून उठवलं. मग सोसायटीचे सेक्रेटरी जयवंत यांनी सांगितलं, की जूनपासून ऑफिसात होड्यांचे परवाने आणि कागदपत्रं बघायला माणूस लागणार आहे. "दहावीचं सर्टिफिकेट आन, खुर्ची तुझी. नायतर मालाडवरून कोनतरी येईल, मग तो काय उठायचा नाय." गावात तिच्या जोगतं तेवढं एकच काम होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी चार चाचण्यांचे मार्क एका कोऱ्या कागदावर उतरवत होतो. आमच्या संस्थेच्या अंधेरी ऑफिसातल्या अपूर्वा मॅडमना ते पाठवायचे होते. माझ्या पेपरात पन्नास प्रश्न, प्रत्येक दोन मार्कांचा. सगुणाबाई ६२, रुचिका ६०. सगुणाबाई ५८, रुचिका ५६. सगुणाबाई ४८, रुचिका ४६. सगुणाबाई ४०, रुचिका ३८.

मी पेन खाली ठेवलं. योगायोग असेल, असं स्वतःला सांगितलं. गणिताच्या माणसाने चार आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये.

दुसऱ्या दिवशी तपासायला म्हणून रुचिकाची वही मागून घेतली. 'वजा तीन गुणिले वजा चार' या ओळीपुढे पेनने ठळक लिहिलं होतं, वजा बारा. आणि समासात, नखाएवढ्या पेन्सिलच्या अक्षरात, १२. पानामागून पान तसंच होतं. पेनने सासूचं उत्तर, समासात बरोबर उत्तर. काही ठिकाणी मी फळ्यावर दाखवलेल्या रीतीपेक्षा आखूड रीत होती. एका ठिकाणी माझीच चूक दुरुस्त केलेली होती.

वही मिटून परत दिली.

आता मला खरी भीती वाटू लागली. बीजगणित अवघड होत चाललं होतं आणि सगुणाबाईंचे मार्क चाचणीगणिक उतरत होते. आठवड्याने पूर्वपरीक्षा होती. तिच्यात पस्तीस मिळतील त्यांचीच नावं संस्था मार्चच्या परीक्षेला पाठवणार होती. सगुणाबाईंना पस्तीसच्या आसपास पडले, तर रुचिका ठरवून त्यांच्या खाली जाणार होती.

सरळ मार्ग होता, रुचिकाला बाजूला घेऊन विचारण्याचा. मी तो घेतला नाही. बायकांच्या घरातल्या गोष्टीत मी कोण, असं मनाशी म्हटलं. त्याऐवजी एक युक्ती केली, आणि घाबरट माणसाच्या युक्त्या निघतात तशीच ती निघाली.

पूर्वपरीक्षेच्या दिवशी मी बाकांवर खडूने नंबर घातले. सगुणाबाई शेवटच्या रांगेत, रुचिका पहिल्या.

"ह्या काय नवीन, मास्तर?" सगुणाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आमी कापी करतंव असा वाटतं तुमाला?"

"छे, छे. बोर्डाच्या परीक्षेला असंच बसावं लागतं. सवय व्हावी म्हणून."

"बरा. जा गो रुचे, फुडं बस. मास्तरांच्या मांडीवर."

बायका हसल्या. रुचिका हसली नाही. पेपर वाटून झाल्यावर तिने मान वळवून मागे पाहिलं. मधे चार रांगा होत्या. तिने पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा तिने पाहिलं तेव्हा मी म्हणालो, "समोर बघा."

त्यानंतर तिने मान वर केली नाही. पेनही फार चाललं नाही.

सगुणाबाईंना छत्तीस पडले. रुचिकाला वीस.

वीस! मी तिचा पेपर तीनदा तपासला. सोडवलेले दहाच्या दहा प्रश्न निर्दोष होते. बाकीचे चाळीस कोरे. माझ्याकडून कुठे दोन मार्क राहिले असते तर देता आले असते, पण पंधरा मार्क कुठून आणणार?

निकाल वाचला त्या दिवशी सगुणाबाईंनी माझ्या टेबलावर सोड्यांची, सुक्या कोळंबीची पुडी आणून ठेवली. "खावा मास्तर. छत्तीस! माज्या सासऱ्याच्या सात पिढ्यांत कोनाला पडलं नसतील." मग त्या सुनेकडे वळल्या. "आनि तू गो? मुलुंडवरून आनलेली शिकलेली सून! पाटीखाली चाळीस वर्सं दबलेल्या डोक्यानं छत्तीस काढलं. तुज्या डोक्यात काय बरफ भरलाय?"

"सासूला हरवायला निघाली व्हती बिचारी," वनमाला म्हणाली.

पुन्हा हशा झाला. मी रुचिकाकडे बघण्याचं टाळत होतो, तरी नजर गेली. ती सासूच्या पेपरवरच्या छत्तीसकडे बघत होती आणि तिचा चेहरा उजळला होता. ती मनापासून खूश होती. ती रडली असती तरी मला इतकं वाईट वाटलं नसतं.

वर्ग सुटल्यावर सगुणाबाई वनमालाबरोबर पुढे गेल्या. मी रुचिकाला जेट्टीकडच्या वाटेवर गाठलं. दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत होते. शूटिंगसाठी घेतलेल्या एका बंगल्याबाहेर जनरेटरची गाडी घरघरत होती, त्यामुळे मला नेहमीपेक्षा मोठ्याने बोलावं लागलं, आणि मोठ्याने बोलायची मला सवय नाही.

"तुम्ही मुद्दाम सोडले ना प्रश्न?"

"नाही सर. आलेच नाहीत."

"मी तुमची वही पाहिली आहे. समाससुद्धा."

ती थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आधी दिसायचं ना सर," ती शेवटी म्हणाली. "आईंचे किती बरोबर, किती चुकले, शेजारी बसून दिसायचं. त्यांच्यापेक्षा एक प्रश्न जास्त सोडायचा, बस. त्या दिवशी दिसेचना. त्यांचं किती झालंय कळेना. समजा त्यांना तीस पडले आणि मला चाळीस, तर? म्हणून दहाच केले. म्हटलं, इतक्या खाली तर आई येणार नाहीत."

"पण का? त्या रागावतील म्हणून?"

"रागावतील कशाला?" ती जरा चिडली. मी तिला पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं. "तुम्हाला माहीत नाही सर. लग्नाच्या वेळी सगळे विरोधात होते. बाहेरची मुलगी, होडी म्हणजे काय ठाऊक नाही, म्हावरं निवडता येत नाही. आई एकट्या उभ्या राहिल्या. सगळ्या भावकीशी भांडल्या माझ्यासाठी. आजही बाजारात कोणी मला बोललं की त्या सुरी खाली ठेवून उठतात. आणि मी काय करू? त्यांच्याच शेजारी बसून त्यांच्या वर जाऊ? चारचौघींत?"

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? निघताना माझी आई म्हणालेली, 'बाय, सासरी शहाणपण चपलांबरोबर दाराभायर काढून ठेव.'" तिने ओढणीचं टोक सोडलं. "आल्या आल्या मी एकदा कालवण केलं होतं. अल्पेशचे मित्र जेवायला होते. सगळे म्हणाले, वा, सगुणामावशीपेक्षा भारी! आई हसल्या. पण दोन दिवस चुलीकडे फिरकल्या नाहीत. तेव्हापासून मी मीठ कणभर कमी टाकते. आई चाखतात, म्हणतात, मीठ कमी हाय गो. चिमूटभर टाकतात. मग कालवण त्यांचं होतं. काय बिघडलं सर त्यात?"

कालवणात खरंच काही बिघडलं नव्हतं.

"आणि ऑफिसची खुर्ची?"

ती समुद्राकडे बघत राहिली. "आईंना काही बोलू नका. त्यांचे छत्तीस खरे आहेत. त्यात माझं नाव घुसवलंत तर त्यांचा आनंद नासेल. तुम्ही सांगितलंत तर मी उद्यापासून येणार नाही."

मी सांगणार नाही म्हणालो.

घरी जाऊन अपूर्वा मॅडमना फोन केला. त्या तिशीच्या, भराभर बोलणाऱ्या. "सर, वीसवाल्या मुलीला मी तुमच्या शब्दावर कशी पाठवू? ऑफिसला उत्तर मला द्यावं लागतं ना. असं करू. सोमवारी यादी जाते. शनिवारी मी मढला येते. माझ्यासमोर तिने फळ्यावर पाच गणितं सोडवायची. चार आली तर नाव घालते."

"फक्त तुमच्यासमोर ना?"

"नाही, भर वर्गात. बाकीच्यांचं काय मग? म्हणतील, सरांनी लाडकीला पास केलं."

भर वर्गात म्हणजे सासूसमोर. त्या रात्री मला वाचन सुचलं नाही.

गुरुवारी सकाळी मी बाजारात गेलो. बोटीत वाक्य पाठ केलं होतं. सगुणाबाई पाटावर बसून सुरमईचे तुकडे करत होत्या.

"मास्तर! म्हावरं घ्यायला? तुमी तं अंडंबी खात नाय. ते सोडं कोनाला दिलंव?"

"शेजारी दिले," मी कबूल केलं. "सगुणाबाई, शनिवारी तुम्ही नाही आलात तरी चालेल. तुमचं नाव तर पक्कं झालंच आहे. जरा विश्रांती घ्या."

सुरी थांबली. "पाच महिन्यांत तुमी मना कवा इश्रांती घ्या बोललांव नाय."

"नाही, म्हणजे..."

"मास्तर, चाळीस वर्सं म्हावरं इकतंय. वरती मोठं पापलेट मांडून खालती काय दडवलंय, ता मना टोपलीत हात न घालता कलतं. काय दडवतांव?"

मी वचन दिलं होतं. मी आयुष्यात फार वचनं दिलेली नाहीत आणि मोडलेलं एकही आठवत नाही. पण शनिवारी फळ्यासमोर उभी राहणारी रुचिका मला दिसत होती, आणि तिच्या समोर पहिल्या बाकावर बसलेल्या सगुणाबाई. न सांगून काय होतं ते मी पूर्वपरीक्षेत बघितलं होतं. मी पिशवीतून तो मार्कांचा कागद काढला आणि त्यांच्या पुढे धरला.

त्यांनी हात पदराला पुसले. बोट एकेका जोडीवरून खाली नेलं. बासष्ट, साठ. अठ्ठावन्न, छप्पन्न. ओठ हलत होते. चाळीस, अडतीस. मग छत्तीस, वीस. तिथे बोट थांबलं.

"ह्या वीस कसा?"

"त्या दिवशी तिला तुमचा पेपर दिसत नव्हता. मी लांब बसवलं होतं."

एक गिऱ्हाईक भाव विचारून कंटाळून पुढे गेलं. सगुणाबाईंच्या हातून गिऱ्हाईक जाताना मी तेव्हाच पाहिलं.

"तिनं सांगितलं तुमाला, मना सांगा म्हनून?"

"नाही. सांगू नका म्हणाली."

"मंग तुमीबी तिच्याच जातीचं. दडवनारं." त्यांनी सुरी उचलली. "जा मास्तर. माज्या धंद्याची येळ हाय."

त्या शनिवारी येणार का, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारी दोघी वर्गाला आल्या नाहीत. घरी त्या सुनेला काय बोलतील, सून मुलुंडला निघून तर जाणार नाही, अल्पेश होडीवरून परतल्यावर काय होईल, सगळं मी दोन दिवस मनात मांडत राहिलो. मी दोन बायकांचं घर मोडलं, असं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझं जवळजवळ ठरलं होतं.

शनिवारी दोघी आल्या. एकमेकींशी बोलत नव्हत्या. सगुणाबाई पहिल्या बाकावर नेहमीच्या जागी बसल्या, वही उघडली. मी रुचिकाच्या डोळ्यांत काही वाचता येतं का बघत होतो. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्यावरून मला कळलं, की तिला अजून काहीच ठाऊक नाही. सगुणाबाई घरी दोन दिवस नुसत्या गप्प होत्या, आणि कारण न कळल्यामुळे ती भेदरलेली होती.

अपूर्वा मॅडम वेळेवर आल्या. माझ्या खुर्चीत बसल्या, मांडीवर यादी. "चला रुचिका, घाबरायचं नाही हं. पाच गणितं, चार आली तर नाव यादीत. सर, तुम्ही काही सुचवायचं नाही."

मॅडमनी गणितं फळ्यावर लिहिली. सव्वीस बायका श्वास रोखून बसल्या होत्या. सगुणाबाईंनी पाचही गणितं वहीत उतरवून घेतली आणि पेन्सिल सरसावली.

पहिलं सोपं होतं. रुचिकाने सोडवलं. दुसरं सोडवताना तिची नजर एकदा खाली, सासूच्या पेन्सिलकडे गेली. पेन्सिल चालत होती. खडूही चालला. तिसरं. पेन्सिल जरा रेंगाळली, खडू रेंगाळला. पेन्सिल पुढे गेली, खडू पुढे गेला. मॅडमच्या लक्षात येत नव्हतं.

चौथं वर्गसमीकरण होतं. क्ष वर्ग वजा सात क्ष अधिक बारा बरोबर शून्य. सगुणाबाईंना ते कधीच जमलं नव्हतं. त्यांनी सातचं काहीतरी केलं, खोडलं, पुन्हा केलं. मग पेन्सिल वहीवर आडवी ठेवली.

खडू थांबला.

"काय झालं?" मॅडम म्हणाल्या. "वेळ घ्या हवा तर."

रुचिका फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. हात वर, खडू फळ्यापासून बोटभर अंतरावर. मला ठाऊक होतं, तिला उत्तर तीन आणि चार दिसतंय. समासात तिने असली पन्नास गणितं सोडवली होती. हळूच तिने लिहिलं, क्ष बरोबर वजा तीन, आणि पुढचा वजा लिहायला हात उचलला.

सगुणाबाई उठल्या. बाकाचा पाय फरशीवर कर्कश घासला. सगळ्यांनी दचकून पाहिलं. रुचिकाचाही हात खाली आला. मला वाटलं, आता त्या बोलणार, सगळं चारचौघींत बाहेर येणार, नाहीतर निघून जाणार.

त्यांनी भिंतीला लावलेली प्लास्टिकची खुर्ची ओढली, फळ्याकडे पाठ करून ठेवली आणि तिच्यात बसल्या. आता त्यांच्यासमोर मागची भिंत आणि जाळ्यांचे ढीग होते. आम्हाला दिसत होता तो त्यांचा अंबाडा आणि त्यातली अबोलीची वेणी.

"सगुणाबाई, काय करताय?" मॅडम.

"उजेड लागतंय डोल्यांवर," त्या म्हणाल्या. मग आवाज न चढवता, मान न वळवता, "रुचे."

"हो आई."

"हात का थांबला गो? दोन मार्क माज्यासाठी राखून ठेवतंस काय?"

रुचिकाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मी वचन मोडल्याचं सगळं होतं, आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

"आई, मी..."

"मी इचारलं नाय, सांगतंय. भावकीशी भांडले ती काय तुना माज्या खालती बसवायला? सासूचा शब्द पालतंस ना? मंग लिव. सगला लिव. मी बघत नाय."

रुचिका रडत होती. नाक वर ओढल्याचा आवाज येत होता. तिने तळहाताने 'वजा तीन' पुसून टाकलं. हात पांढरा झाला, तोच तिने गालाला लावला. मग लिहू लागली. क्ष वजा तीन, कंस पुरा. क्ष वजा चार, कंस पुरा. क्ष बरोबर तीन, क्ष बरोबर चार. माझ्या रीतीतल्या दोन पायऱ्या तिने गाळल्या होत्या. पाचव्याला ती थांबलीच नाही. खडू इतका जोरात चालला की मधेच मोडला आणि उरलेल्या तुकड्याने तिने शेवटची ओळ पुरी केली.

सगुणाबाई पाठ करून तशाच बसल्या होत्या. खडूचा आवाज थांबला तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं, आई."

अपूर्वा मॅडमनी पाचही गणितं वरपासून खालपर्यंत पाहिली. मग माझ्याकडे, मग त्या खुर्चीकडे. त्यांना पुरतं काही कळलं नसावं, पण त्यांनी प्रश्न विचारला नाही. यादीत नाव लिहिलं आणि मला सही करायला सांगितली.

सगुणाबाई उठल्या, खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि फळ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. चौथ्या गणितावर त्या बराच वेळ डोळे लावून होत्या. वजा तीन, वजा चार, मग अधिक बारा. बोटाने हवेत काहीतरी गिरवलं. रुचिका बाजूला मान खाली घालून उभी होती, गालावर खडू.

"दोन वजांचा अधिक झाला तं," सगुणाबाई पुटपुटल्या. "मंग मी पाच महिनं चुकीचा बोंबलत व्हते आनि तू ऐकत व्हतंस."

सगुणाबाईंनी पदराचं टोक घेतलं आणि तिच्या गालावरचा खडू पुसला, जरा जोरातच. मग पुसता पुसता त्यांचा हात थांबला. त्यांनी सुनेकडे डोळे बारीक करून पाहिलं, टोपलीत खाली काय दडवलंय ते बघतात तसं.

"आनि रुचे," त्या म्हणाल्या, "कालवनातला मीठ?"